न मागता ठेवलेलं

खरात मॅडमच्या टेबलाचा वरचा खण कायम उघडा असायचा. थोडासा नाही, पूर्ण बाहेर ओढलेला. येता-जाता तो आमच्या मांडीला लागायचा. त्यात पेन्सिली, चिकटपट्टी, लहान-मोठे स्क्रू-ड्रायव्हर, सुईदोरा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले गूळ-शेंगदाणे असत. कुणीही यावं आणि लागेल ते घ्यावं. फक्त विचारायचं नाही. "मॅडम, स्क्रू-ड्रायव्हर घेऊ का?" असं कुणी म्हटलं, की त्या मान वर न करता म्हणायच्या, "विचारलंस कशाला? खण बंद आहे का?"

मी पहिल्याच दिवशी विचारलं आणि हे ऐकून घेतलं.

ही चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमधली गोष्ट. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. आमची कंपनी लहान होती. आम्ही कॉम्प्युटर जोडून विकायचो आणि त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम आमची स्वतःची होती. ती खरात मॅडमनं लिहिली होती, निदान तिचा अवघड भाग तरी. माझ्याकडे डिस्पॅच होतं. खोक्यात काय काय जातं, कोणत्या क्रमानं जातं, फ्लॉप्यांचा संच पुरा आहे की नाही, हे मी बघायची. याद्या करण्याची सवय मला शाळेपासूनच होती. तिथं तिचा पगार मिळू लागला, एवढंच. मॅडम मला नावानं क्वचितच हाक मारत. "ए यादीबाई," म्हणत. एकदा माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचून त्या म्हणाल्या, "छान करतेस. पण जे खोक्यात नाही, त्याची यादी कोण करतं गं?" मला तो टोमणा वाटला. थोडा होताही.

दिसायला त्या ठेंगण्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज चिरका. मोपेडवरून येत. चालण्याचा वेग असा, की बरोबर चालणाऱ्याला अर्धं पळावं लागे. चूक सापडली की चारचौघांत सांगत, आणि काम चांगलं झालं तर काहीच बोलत नसत. नवीन मुलं त्यांना घाबरून असायची. मीही पहिले काही महिने त्यांच्या टेबलाला वळसा घालूनच जात असे.

त्या वर्षांत शहर वाळूजच्या दिशेनं पळत होतं. पहाटे कारखान्यांच्या बसेस चौकाचौकांत माणसं उचलत होत्या. दर महिन्याला नवीन शेड उभी राहत होती, नवीन यंत्र येत होतं. आणि त्याच शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच लोंबकळत होता. मोर्चे निघत, त्यांना विरोध करणारे मोर्चे निघत, बंद पुकारला जाई. ट्रक अडकायला नकोत म्हणून मी डिस्पॅचच्या तक्त्यात 'बंद असल्यास' असा एक रकानाच आखून ठेवला होता. मॅडमना तो दिसला. त्या म्हणाल्या, "आमच्यासाठी रकाना? बरं केलंस. सरकारनं अजून केला नाही."

त्या कोण, कुठल्या, हे मला तेव्हा नीट कळलं. गाव पाचोडच्या बाजूचं. वडील शिंपी. त्यांना त्या अण्णा म्हणत. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी अण्णा शिलाई मशीन मांडून बसत. पण त्यांच्या हातानं अंगाला टेप लावून घ्यायला सगळी गिऱ्हाइकं तयार नसत. काही जण जुना सदरा मशीनवर टाकत आणि म्हणत, "या मापाचा शिव." म्हणजे ज्याच्यासाठी शिवायचं, त्या माणसाला हात लावायचा नाही. जुन्या सदऱ्यावरून खांदा ओळखायचा, पोट ओळखायचं, डावा हात थोडा आखूड आहे का तेही ओळखायचं. मॅडम हे सांगत तेव्हा आवाज चढवत नसत. "कपडा अंगावर असा बसायचा," त्या म्हणत, "की घालणाऱ्यालाच लाज वाटावी."

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला आणि त्यामागोमाग मराठवाड्यात गावंच्या गावं पेटली. मॅडम त्या वेळी याच विद्यापीठात गणित शिकत होत्या, वसतिगृहात राहत होत्या. घर जळल्याचा निरोप त्यांना वर्गात मिळाला. माणसं वाचली. मशीनचं लाकूड जळून गेलं आणि काळं पडलेलं लोखंड राहिलं. अण्णा काही वर्षांनी शहरात मुलीकडे आले आणि त्यांनी पुन्हा कधी कपडा शिवला नाही. पुढं एका सत्याग्रहात मॅडम काही दिवस हर्सूलच्या जेलमध्येही होत्या. त्याबद्दल त्या एकच वाक्य बोलत: "तिथं एक बरं होतं. पाणी मागावं लागत नव्हतं, वेळ झाली की यायचं." ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळत नसे.

आता कामाचं सांगते. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिला की तो त्याच कॉम्प्युटरसाठी तयार होतो. पण कारखान्यातल्या यंत्राला, पाण्याच्या मोटरीला, सिग्नलच्या दिव्यांना चालवणारी जी छोटी चिप असते, तिची भाषा वेगळी. तिच्यावर बसून प्रोग्रॅम लिहिता येत नाही. तिला ना पडदा, ना कळफलक. तो प्रोग्रॅम मोठ्या कॉम्प्युटरवर तयार करायचा, पण छोट्या चिपच्या भाषेत. हे काम जी साधनं करतात त्यांना क्रॉस कंपायलर म्हणतात. मला हे डोक्यात बसत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "शिंपी स्वतःच्या मापाचं शिवतो का? इथं शिवायचं, तिथं घालायचं. बाकी काही नाही." मग मला कळलं, की ती साधनं त्यांनी इतक्या जिवापाड का लिहिली असावीत.

साधनं तयार होती, पण खोक्यात जात नव्हती. माझ्या यादीत शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं असे: 'क्रॉस साधनं – मागणीनुसार'. ज्याला हवीत त्यानं कंपनीच्या नावे अर्ज करायचा, मग आम्ही वेगळ्या फ्लॉप्या पाठवायचो. मॅडमना ती ओळ खुपायची. "मागणीनुसार," त्या यादीवर बोट ठेवून म्हणायच्या. "नामांतराची मागणी मान्य आहे हं यादीबाई. फक्त मिळालेलं नाही."

मग जिल्ह्यातल्या तांत्रिक शाळांची ऑर्डर आली. एवढी मोठी ऑर्डर कंपनीला पहिल्यांदाच मिळाली होती. मॅडमनं मालकांपुढं विषय काढला: या शाळांच्या संचात क्रॉस साधनं सुरुवातीपासूनच असली पाहिजेत. अर्ज नको, वेगळी फ्लॉपी नको. सिस्टिम घातली की ती तिथं दिसली पाहिजेत.

मालक पाठक साहेब. त्यांच्या घराण्यानं निजामाच्या कचेरीत कारकुनी केलेली, त्यामुळं कागदाला कागद लागल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. माणूस वाईट नव्हता. त्यांचे मुद्दे मला त्या दिवशी पटतही होते, कारण खोक्यात फ्लॉप्या वाढल्या की माझंच काम वाढणार होतं.

"खरात, डिस्क केवढी आहे?" साहेब म्हणाले. "तुमची ती शिलाईखोलीच त्यातला मोठा कोपरा खाते. मुलांनी स्वतःचं काम ठेवायचं कुठं? सिस्टिम आटोपशीर असावी. रिकामं घर द्यावं, सामान ज्याचं त्यानं आणावं."

"घरात चूल तरी देता की नाही?"

"आणि मुलांनी चुकीचं काहीतरी करून चिपा जाळल्या तर फोन कुणाला येणार? मला."

"फोन मी घेईन."

"बरं, इतक्या दिवसांत ही साधनं मागितली किती जणांनी? एका कारखान्यानं. एका."

"ती आहेत हे ठाऊक आहे कुणाला?"

"यादीत छापलंय. विचारा हिला." हिला म्हणजे मला. मी मान हलवली.

मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडं पाहुणे आले तर फडताळावर पाटी लावता का, 'चिवडा मागणीनुसार' अशी?"

शेडमध्ये हशा पिकला. साहेबही हसले. पण हसून झाल्यावर म्हणाले, "पाहुण्याला भूक लागली तर तो सांगेल की."

"आजवर एका तरी पाहुण्यानं सांगितलंय?"

साहेबांनी सरळ उपाय काढला. शाळांनाच विचारू. हवंय म्हणाल्या तर घालू, तेही फुकट. आमचे टेम्पोचालक खंडूभाऊ त्याच आठवड्यात शाळा-शाळांना टेबलं पोचवायला जाणार होते. खंडूभाऊ फुलंब्रीकडचे. घरी मेंढरं भावाकडे होती, आणि हे टेम्पोवर. मी त्यांना काय विचारायचं ते पाठ करून घेतलं आणि त्यांनी ते चोख विचारलं. परत आल्यावर साहेबांपुढं उभे राहून त्यांनी सांगितलं, "समद्यांनी नको म्हणलं, साहेब. एकजात. लई गोड बोलले, पर नको म्हणले."

"झालं," साहेब म्हणाले. "याहून जास्त काय करायचं?"

पण फ्लॉप्यांच्या मूळ संचावर मॅडमची सही लागायची. सही असलेल्या संचावरूनच पुढचे सगळे संच निघायचे. ती सही त्यांनी केली नाही. दोन दिवस खोकी उघडी पडून राहिली. शेवटी साहेब टेबलाशी आले. आवाज खाली ठेवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोमवारपर्यंत सही झाली नाही तर मी दुसऱ्याची घेईन. मग इथं तुमचं काम काय उरतं, ते तुम्हीच ठरवा."

मॅडमच्या घरी अण्णा अंथरुणाला खिळले होते. धाकट्या भावाची मुलं शिकायला त्यांच्याकडे होती. घर एका पगारावर चालत होतं. हे साहेबांनाही ठाऊक होतं. आणि हेच साहेब काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात तात्पुरत्या जागेवर काम करणाऱ्या खरातबाईंच्या घरी स्वतः गेले होते, आणि "सोमवारपासून या" म्हणून सांगून आले होते. त्याआधी मॅडमनं बऱ्याच मुलाखती दिल्या होत्या. आडनाव ऐकल्यावर मुलाखती कशा आखूड व्हायच्या, ते त्या नक्कल करून दाखवायच्या. साहेबांविरुद्ध जाणं त्यांना सोपं नव्हतं. आम्ही सगळे ते पाहत होतो. त्या दिवशी खणातल्या वस्तूंना कुणी हात लावला नाही.

शनिवारी खंडूभाऊ फुलंब्रीच्या शाळेत स्टॅबिलायझर पोचवायला निघाले. मला तिथलं अर्थिंग आणि खोली बघायची होती. टेम्पो सुरू झाला आणि मॅडम पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "मी येतेय," एवढंच म्हणाल्या.

फुलंब्रीच्या शाळेत शेख सर म्हणून निदेशक होते, तिशीतले, हातात सतत पाना असलेले. खोली त्यांनी स्वतः चुना लावून तयार ठेवली होती. माझं काम दहा मिनिटांचं होतं. ते झाल्यावर त्यांनी विचारलं, "चहा घेणार का?"

"नको," मॅडम म्हणाल्या.

"नको, नको," मी म्हणाले.

"नको सर, आत्ताच घेतला," खंडूभाऊ म्हणाले. त्यांनी सकाळपासून चहा घेतलेला नव्हता, हे मला माहीत होतं.

शेख सर बाहेर गेले आणि थोड्या वेळानं चार कप घेऊन आले. कप पुढं ठेवले. आम्ही उचलले.

मॅडमनं एक घोट घेतला. "मी नको म्हटलं होतं, सर."

शेख सर हसले. "अरे मॅडम, ऐसा कैसा? पाहुणा नको म्हणतो, ते त्याचं काम. आपलं काम ठेवायचं."

"मग आमच्या माणसानं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही नको का म्हणालात?"

"मी? काय नको म्हणालो?"

खंडूभाऊंनी मान खाजवली. "ते क्रॉसचं ओ सर. मी इचारलं न्हवतं का, पायजे का म्हणून?"

शेख सरांनी कप खाली ठेवला. दाराकडे एकदा बघितलं. "हां. ते." मग म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? हवं म्हटलं की वरून विचारतात, कशाला हवं? कोण शिकवणार? तुम्हाला येतं का? मला येत नाही. शिकायचंय, लई शिकायचंय. पण येत नाही म्हणून लिहून कसं देऊ? नको म्हटलं की विषय मिटला."

"आणि न विचारता खोक्यात आलं असतं तर?"

"तो क्या! उघडून बघितलं असतं. आलंय तर बघू म्हणून. बघायला परवानगी थोडीच लागते?"

मॅडमनं चहा संपवला, कप स्वतः विसळून जाग्यावर ठेवला आणि आम्ही निघालो. हर्सूलच्या तलावाशी आल्यावर खंडूभाऊ म्हणाले, "व्हय मॅडम, माझंच चुकलं म्हणायचं. मी इचारलंच कशाला? टाकून द्यायचं व्हतं टेबलासंगं." मॅडम म्हणाल्या, "खंडूभाऊ, तुम्ही मला आधी भेटायला पाहिजे होतात."

सोमवारी साहेब संच मागायला आले तेव्हा मीच शनिवारचं सगळं सांगितलं. माझ्या पद्धतीनं, मुद्देसूद. कोण काय म्हणालं, त्या क्रमानं. साहेबांनी ऐकून घेतलं. "एका शाळेवरून सगळ्यांचं ठरवायचं?" ते म्हणाले. पण आवाजात पहिला जोर नव्हता.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "साहेब, मी तुमच्याकडं नोकरीचा अर्ज केला होता का?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही घरी आलात. 'सोमवारपासून या' म्हणालात. त्या दिवशी तुम्ही मला विचारलं असतं, 'बाई, नोकरी हवी का?' तर मी काय म्हणाले असते?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"नको म्हणाला असतात," ते म्हणाले.

"लगेच."

"अगदी लगेच."

साहेबांनी माझ्या हातातली यादी घेतली. शेवटून दुसऱ्या ओळीतला 'मागणीनुसार' हा शब्द खोडला आणि त्यापुढं लिहिलं, 'सोबत'. मग म्हणाले, "फोन तुम्ही घ्यायचे, खरात." मॅडमनं उभ्या-उभ्याच संचावर सही केली.

साहेबांची भीती खोटी नव्हती. फोन आले, भरपूर आले. चिपा जळाल्या. नवशिके एकच चूक हमखास करत: प्रोग्रॅम चिपसाठी लिहायचा, पण तयार करताना तसं सांगायला विसरायचं. मग तो सवयीनं कॉम्प्युटरच्याच मापाचा व्हायचा. मॅडम फोनवर ओरडत, "सदरा कुणाच्या मापानं शिवलात? घालणार कोण?" पलीकडचा माणूस बिचारा गांगरून जाई, मग त्या शांतपणे पहिल्यापासून समजावत. कितीतरी शाळांनी ती साधनं कधी उघडलीसुद्धा नाहीत. डिस्क भरल्याच्या तक्रारी आल्या की साहेब त्या मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवत, न बोलता. मॅडम त्या वाचत, न बोलता. फुलंब्रीला मात्र शेख सरांच्या पोरांनी शाळेच्या टाकीवर एक पेटी बसवली. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. खंडूभाऊ ती बघून आले आणि आठवडाभर तेच सांगत होते. मॅडमनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वायरींना टेप लावलीय का नीट?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णा गेले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, संक्रांतीला, विद्यापीठाला नाव मिळालं. काही दिवसांनी दुपारी मला एका कामासाठी तिकडं जावं लागलं. गेटवर गर्दी होती. लोक लांबून-लांबून आले होते, कडेवरच्या मुलांना नवीन अक्षरं दाखवत होते. कुणी रडत होतं, कुणी पेढे वाटत होतं. मॅडम मोपेड कडेला लावून उभ्या होत्या, एकट्याच. मी जवळ गेले. पेढ्यांचं ताट आमच्यापुढं आलं, दोघींनी एकेक घेतला. आनंद झाला का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्या आपण होऊन बोलल्या.

"मिळालं," त्या म्हणाल्या. "पण मागावं लागलं. अण्णा जाईपर्यंत मागतच होतो."

पेढा त्यांनी खाल्ला नाही. रुमालात बांधला आणि पर्समध्ये ठेवला.

पुढं बाहेरच्या मोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर आले आणि आमची शेड बंद पडली. मॅडम शिकवू लागल्या, मी स्वतःचं प्रशिक्षण केंद्र काढलं. शहराचंही नाव बदललं. आजची मुलं मला सांगतात, "मॅम, आता सगळं फुकट उतरवून घेता येतं, आधीपासून द्यायची काय गरज?" सिस्टिम हलकी असावी असं त्यांना वाटतं आणि त्यात तथ्य आहे. मी त्यांना एवढंच म्हणते, की उतरवून घ्यायला आधी त्या गोष्टीचं नाव माहीत असावं लागतं. जे दिसतच नाही त्याचं नाव कोण शोधायला जाणार? माझ्या केंद्रातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर क्रॉस साधनं पहिल्या दिवसापासून असतात. बरीच मुलं ती उघडत नाहीत. एखादा उघडतो.

मॅडमना शेवटचं दुखणं आलं तेव्हा मी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात गेले. त्या खूप वाळल्या होत्या. शेजारी पाण्याचं भांडं होतं, पण हात पोचणार नाही इतकं दूर. बऱ्याच गप्पा झाल्या, जुन्या शेडच्या, खंडूभाऊंच्या. निघताना मी विचारलं, "मॅडम, काही हवंय का?"

"नको," त्या म्हणाल्या.

मी रिक्षात बसले आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी कुणाला काय विचारलं. सगळ्या शेडला खण उघडा ठेवणाऱ्या या बाईनं स्वतःसाठी कुणाकडं साधं पेनही मागितलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. घरीच यादी केली होती. पाणी डाव्या हाताशी ठेवलं, कारण उजव्याला सुई होती. चष्मा पुसून उशीजवळ ठेवला. मऊ भात, मेतकूट, कंगवा, टॉवेल, पेन्सिल, कोरे कागद आणि बिस्किटं आणली होती. खाटेजवळच्या कपाटाचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि त्यात हे सगळं मांडलं. शेवटी गूळ-शेंगदाण्याची पुडी. मॅडम सगळं बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी हात लांब करून पुडीतला एक खडा उचलला, चघळला आणि म्हणाल्या, "गूळ जुना आहे." चांगल्या कामाबद्दल त्या काही बोलत नसत, हे मला ठाऊक होतं.

मग मी रोज गेले. रोज खण भरून ठेवला. आठवडा पुरा व्हायच्या आत त्या गेल्या.

कपाट रिकामं करून द्या, असं नर्स म्हणाल्या म्हणून मी खणाशी गेले. तो उघडाच होता. त्यातल्या बऱ्याचशा वस्तू नव्हत्या. बिस्किटं संपली होती, टॉवेल नव्हता. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीच्या हातात कंगवा होता, आणि दाराजवळच्या बाईच्या मुलीनं कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं घर काढलं होतं.

मला कुणी काही विचारलं नव्हतं.